नुसती फुलं पाहायला

आमच्या अक्काला कोणी "यात्रेला जाऊन आली" म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिचं तर फिरतंच. गावात अजून दोन-चार जण तसं म्हणतात, मुद्दाम म्हणतात, आणि मी दर वेळी त्यांना थांबवून सांगते की बाबांनो, यात्रा नव्हे. बाई फुलं पाहायला गेली होती. तिच्यासोबत मीही गेले होते. आणि जाण्याआधी आमच्या घरात जे रामायण झालं, ते ज्यांना माहीत नाही त्यांनी जरा बूड टेकून बसावं. सगळं सांगते.

अक्का म्हणजे भागाबाई, माझी थोरली जाऊ. मी रत्ना. तिचे मालक उखर्डू आबा आणि माझ्या घरचे धनसिंग हे सख्खे भाऊ. आबा दोन वर्षांपूर्वी गेले. साक्रीच्या अलीकडं पांझरेच्या काठाला आमचं गाव आहे. गावात बाकीच्यांची बाजरी, ज्वारी, कांदा. आमचं घर फुलवाल्यांचं. झेंडू, शेवंती, बांधाकडच्या तुकड्यात गुलछडी. शेत अजून एकत्र आहे, चुली तेवढ्या वेगळ्या झाल्या.

अक्का लग्न होऊन आली तेव्हापासून फुलं तोडते आहे. ऐकायला किती छान वाटतं, नाही? पाहुणे येतात आणि म्हणतात, तुमचं काय बुवा, दिवसभर सुगंधात. त्यांना एकदा श्रावणात पहाटे सरीत उभं करायला पाहिजे. दवानं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, कमरेला बांधलेली ओटी भरली की जड, आणि वास असा की जेवताना भाकरीलाही झेंडू लागतो. फूल देठाशी धरून अंगठ्याच्या नखानं खुडायचं असतं. अक्काचं ते नख कायमचं काळं आहे. लिंबू लावून पाहिलं, राख लावून पाहिली, लेकाच्या लग्नात तर मेंदीवालीनं हात टेकले.

फुलं कॅरेटमध्ये भरायची, कॅरेट टेम्पोत चढवायचे, टेम्पो धुळ्याला नाही तर सुरतेला. टेम्पोवाला बांधाला उभा राहून हॉर्न वाजवत असतो. तो कोणासाठी थांबत नाही, म्हणून बाईनंही थांबायचं नसतं. अक्का मधेच एखाद्या फुलाशी रेंगाळली की आबांचा आवाज यायचा, "देखी काय र्‍हायनी? हात चालाड!" आबा वाईट माणूस नव्हते. बायकोवर कधी हात उगारला नाही, आजारपणात पाय दाबून दिले. पण शेतात त्यांचं तेवढं एकच वाक्य, बघत काय राहिलीस, हात चालव, आणि ते त्यांनी जन्मभर म्हटलं.

तर गेल्या चैत्रातली गोष्ट. दुपारी आम्ही दोघी आणि अक्काची सून दिपमाला कुरडया उलथायला बसलो होतो. दिपमाला जळगावची, साक्रीच्या शाळेत शिकवते, बोलणं शहरी. ती फोनवर काहीतरी पाहत होती. अक्कानं मान वाकवून पाहिलं. बर्फाचे डोंगर, झाडं संपतात त्याच्याही वरचा तो उतार, आणि उतारभर फुलं. जांभळी, पिवळी, पांढरी, निळी. सरी नाही, वाफा नाही, जिथं मनाला येईल तिथं उगवलेली.

"हाई कोनं वावर शे?" अक्कानं विचारलं.

"कोणाचं नाही आई. हिमालयात आहे. फुलों की घाटी म्हणतात."

"लावस कोन?"

"कोणीच नाही लावत. आपोआप येतात."

"मंग तोडाले कोन जास?"

दिपमाला हसली. "कोणी तोडतच नाही. तोडायला मनाई आहे. एक फूल तोडलं तरी दंड."

अक्काच्या हातातली कुरडई तिथंच राहिली. तिनं तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. फूल तोडलं म्हणून दंड! आमच्याकडं आजवर फूल राहिलं म्हणून बोलणी खाल्ली होती. माझ्यापुरती तर ती गंमत होती, मी खोखो हसले. अक्का हसली नाही. कुरडया गोळा करून ती उठली आणि साधं पाणी मागावं तसं म्हणाली, "दिपमाला, माले तठे जानं शे."

त्या क्षणापासून घराला ताप आला.

दिपमालानं मनावर घेतलं. जळगावच्या मोहिनी मॅडम म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत, त्या दरवर्षी श्रावणात बायांचा एक गट तिथं नेतात. दिपमालानं त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, पाय चालत असतील तर वयाची अडचण नाही. पण खोलीत दोघी दोघी असतात, ओळखीची एखादी सोबत असेल तर बरं. सोबत म्हणजे मी. मला विचारलंसुद्धा नाही. मी आधी नाही म्हटलं, मग श्रावणातली पहाटेची तोडणी चुकेल हे ध्यानात आलं आणि लगेच हो म्हटलं.

अडलं ते योगेंद्रपाशी. योगेंद्र अक्काचा मुलगा, ग्रामपंचायतीचा सदस्य. पोरगा प्रेमळ आहे, फक्त त्याला बॅनरचं व्यसन आहे. गावात कोणाच्या म्हशीला पारडी झाली तरी योगेंद्रचा शुभेच्छांचा बॅनर चौकात लागतो. आईचं म्हणणं ऐकून तो आधी घाबरला, मग त्यानं दिपमालाकडून नकाशा समजून घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"आई, तठून बद्रीनाथ जवळच शे! मंग यात्राच म्हन ना. बठ्ठा गाव वाटे लावाले येई."

"यात्रा नही. फुलं देखाले जाई र्‍हायनू."

"अवं, पन लोकेसले काय सांगू?"

"हाईच सांग."

आता तुम्हाला आमच्याकडची रीत सांगायला हवी. बाईला घराबाहेर पडायचं तर परवाना लागतो, आणि त्या परवान्यावर सही देवाची चालते. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर बाया पायी जातात. उन्हानं तळवे भाजतात, दिवस मोडतात, घरी भाकरी कोण टाकेल असं एक पुरुष विचारत नाही. उलट वाटेवर सरबत वाटतात. तीच बाई "जरा डोंगर पाहून येते" म्हणाली तर आधी तिला ताप आहे का ते बघतील. मी एरंडोलची. आईची आठवण आली की पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलते आणि दोन दिवस माहेरी लोळून येते. गणपतीला हे सगळं ठाऊक आहे, त्यानं कधी चहाडी केली नाही. म्हणून मी अक्काला समजावायला गेले. म्हटलं, बद्रीनाथ म्हणायला तोंड दुखतं का?

"तू म्हन," अक्का म्हणाली. "मना तोंडथून निंघनार नही."

"काबर पन?"

"देवना नाव सांगीसन गयू तं तठे बी हात जोडीसन, डोया मिटीसन उभं र्‍हानं पडी. मंग फुलं कव्हय देखू?"

तिचं देवाशी काही वाकडं नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. तिचे सोमवार चुकत नाहीत, कानबाईच्या सणाचं तर सगळं तिच्याच हातून होतं. वाटेत देव भेटला तर रामराम करू, म्हणायची. पण त्याचं नाव पुढं करून घराबाहेर पडणार नाही, यावर ती अडून बसली.

तयारी सुरू झाली. धुळ्याला जाऊन आम्ही बूट आणले. दुकानातल्या पोरानं विचारलं, नातवाचा नंबर किती? अक्कानं लुगडं वर करून पाय पुढं केला आणि म्हणाली, "हाऊ नंबर." बूट घालूनच ती बाजारभर फिरली. लोक वळून वळून बघत होते. मी चार पावलं मागं चालत होते, उगीच कशाला कबूल करा की आपण हिच्यासोबत. आबांचं लोकरी जर्कीन पेटीतून निघालं, उन्हात पडलं. ठेचा, दशम्या, बिबड्या यांची गाठोडी बांधायला लागलो तर दिपमाला म्हणाली की तुम्ही हिमालयात चालल्या आहात की बाळंतपणाला?

पाय घट्ट व्हावेत म्हणून अक्का रोज संध्याकाळी गावामागच्या म्हसोबाच्या टेकडीवर चढायला लागली. झालं, लोकांनी ठरवलं की नवस आहे. वाटेत बाया थांबवून हातात तेलाची वाटी द्यायच्या, आमच्या नावानंही वाहा. अक्का वाटी परत करायची. "नवस नही बाई, पाय पक्का करी र्‍हायनू." त्यांना ते काही पटायचं नाही.

पण खरी पंचाईत पायांची नव्हतीच, हातांची होती. एके दिवशी अक्का मला म्हणाली, "रत्ना, मना हात आयकतीन नही." मला कळेना. तिनं मला शेतात नेलं, झेंडूच्या सरीशी उभी राहिली आणि म्हणाली, बघ. नुसतं बघत उभी राहायची म्हणून उभी राहिली, आणि बोलता बोलता तिच्या हातानं एक फूल खुडलं, ओटीकडं नेलं. ओटी बांधलेलीच नव्हती. फूल खाली पडलं. आम्ही दोघींनी त्याच्याकडं पाहिलं.

मग तिनं सरावच धरला. मजूर बायांची तोडणी चालू असताना ही बांधावर उभी राहायची, दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट धरून. मान पुढं, डोळे फुलांवर. आमच्या तोडणाऱ्या बायांमधली म्होरकी ताईबाई, जीभ म्हणजे तलवार. ती ओरडायची, "अक्का, पोलीस धरी लई चालनात का तुमले?" दुसऱ्या बाया फिदीफिदी हसायच्या. अक्का तशीच उभी. पाठीमागं तिचा काळा अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत तडफडत असायचा, ते फक्त मला दिसायचं. हळूहळू तो शांत व्हायला लागला.

श्रावण आला. आमच्या खान्देशात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसवतात, भाऊबंद सगळे एका घरी गोळा होतात, आणि सोमवारी देवीला वाजतगाजत नदीवर नेतात. आमची निघायची तारीख त्यानंतरच्या बुधवारची होती. सोमवारी डोक्यावर पाट घेऊन, गाणी म्हणत, फुगड्या घालत आम्ही पांझरेवर गेलो. परत येताना चौकात पोचलो आणि पुढच्या बायांची गाणी एकदम थांबली.

चौकात हा एवढा बॅनर. मधोमध अक्का, हात जोडून, डोळे मिटून. तो फोटो योगेंद्रच्या लग्नातल्या सप्तपदीचा होता, तेव्हा हिला धुराचं रडू येत होतं. बाजूला बद्रीनाथ, केदारनाथ, गंगामाई, ढग. खाली योगेंद्र, आईपेक्षा थोडा मोठा. आणि वर सोनेरी अक्षरं: "चारधाम यात्रेस निघालेल्या आमच्या मातोश्री भागाबाई यांना कोटी कोटी शुभेच्छा."

दिपमालानं वाचून दाखवलं. अक्का बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी एक धाम नही जाई र्‍हायनू, आनि याने चार लिखी टाकात!"

संध्याकाळी ओटा भरला. आमच्याकडं यात्रेला निघालेल्या माणसाला वाटे लावायला गाव येतं. नारळ देतात, ओटी भरतात, आमच्या नावानं देवापुढं ठेव म्हणून सुपारी देतात, गंगेचं पाणी आणायला तांब्या देतात. मी दाराशी टोपली घेऊन बसले होते आणि लोक नारळ टाकत होते. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. अक्का आत होती. मला वाटलं, बाईनं माघार घेतली. परवा गुपचूप निघू, तिकडं कोण बघतंय.

मग झुलाल नाना आले. नाना आबांचे थोरले चुलतभाऊ, भाऊबंदकीत त्यांच्या शब्दापुढं शब्द नाही. अक्काचे ते जेठ, म्हणजे थोरले दीर. नानांसमोर अक्का कधी डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, आवाज तर आम्ही कधी ऐकलाच नव्हता. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगितल्यासारखं मला सांगायची आणि मी नानांना. नाना ओट्यावर बसले, धोतराच्या सोग्यातून नारळ काढला. "भागाबाईले बलाव."

अक्का दारात आली.

"हाई नारय उखर्डूना नावनं," नाना म्हणाले. त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "बद्रीले ब्रह्मकपाळले त्याना नावनं पानी सोडजो. मनाघाई आते जावाई नही. तू जाई र्‍हायनी, तुले पुण्य लागी."

एवढ्या मायेनं दिलेला नारळ कोण नाकारेल? मी टोपली पुढं सरकवली. अक्कानं पायानं ती टोपली बाजूला केली आणि माझ्याकडं न बघता, भिंतीकडं न बघता, सरळ नानांना म्हणाली,

"नाना, हाई नारय परत ली जा. मी बद्रीले नही जाई र्‍हायनू. मी फुलं देखाले जाई र्‍हायनू."

कोणीतरी हसलं. नानांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "फुलं? आठे फुलं कमी शेतस का तुले? जनम गया फुलंसमा!"

"आठला फुलं मना नही शेतस. टेम्पोना शेतस."

"भागाबाई!" नाना आता चिडले. "उखर्डूना आत्माले काय वाटी? त्याना दोन वरीस व्हयनात नही, आनि तू हिंडाले निंघनी?"

अक्का पुढं आली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण तोंड उघडं होतं. तिला राग आला की तिचा आवाज बारीक होतो.

"नाना, त्या गयात त्या दिवसले तिरडीवर टाकाले फुलं कोनी तोडात? मी तोडात. मना हातथून. शेवंतीमा उभी व्हतू मी. एक फूल हातमा धरं आनि माले काही सुधरेच नही. तव्हय तुम्हीन बांधवरथून आवाज दिन्हा. काय सांगं व्हतं तुम्हीन, याद शे का?"

नानांनी हातातला नारळ ओट्यावर ठेवला.

मला आठवत होतं. मी तिथं होते. पहाटे आबा गेले, घर माणसांनी भरलं, सगळे सोयऱ्यांना फोन करण्यात गुंतले आणि अक्का कोणाला न सांगता उठून शेवंतीत गेली. मी तिच्या मागं गेले. ती फूल हातात धरून उभी होती, रडत नव्हती, नुसती फुलाकडं बघत होती. तेवढ्यात बांधावरून नानांचा आवाज आला. नानांचंही बरोबर होतं. तिरडी बांधून झाली होती, ऊन चढत होतं.

"तुम्हीन सांगं, भागाबाई, हात चालाड," अक्का म्हणाली. "आनि मी चालाडा. त्यासनं शेवटलं फूल बी माले देखू नही दिन्हं. आते एक डाव मी देखसू. देवसाठे नही, त्यासनासाठे नही, कोनासाठे नही. मना डोयाससाठे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचाच राग आला, कारण तेवढ्यात आमच्या घरच्यांनी तोंड घातलं. धनसिंगांना मोठ्या माणसांसमोर आपणही कोणीतरी आहोत हे दाखवायची हौस आहे.

"यात्रा व्हती म्हनीसन मी हो म्हनेल व्हतं," ते म्हणाले. "आते रत्ना जानार नही."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. अक्कानं मात्र पाहिलं नाही. ती म्हणाली, "ती नही उनी तं मी एकली जासू." तिला ना धड हिंदी येत, ना फोन लावता येत. पण तिनं ते असं म्हटलं की ती खरंच एकटी गेली असती, आणि हे ओट्यावरच्या प्रत्येकाला कळलं.

मी काही शूर बाई नाही. नवस बोलून माहेरी जाणारी मी. पण माझ्यासाठी हो म्हणायचं यांनी, नाही म्हणायचं यांनी, आणि मी मधे टोपली घेऊन बसायचं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले.

"मना बूट लई ठेवेल शेतस," मी म्हटलं. "त्या बूट काय आते तुम्हीन घालशात?"

ताईबाई मागून फिसकन हसली. मग बाया हसल्या, मग काही बाप्येही हसले. धनसिंगांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी टोपली उचलली आणि ज्याचा नारळ त्याला वाटायला लागले. कोणाचा कोणता ते काही मला आठवत नव्हतं. काहींना लहानाच्या बदली मोठा परत गेला, त्यांनी तक्रार केली नाही. अक्का पलीकडून सुपाऱ्या आणि तांबे परत करत होती, प्रत्येकाला तेच सांगत होती, "फुलं देखाले जाई र्‍हायनू." एकेकाच्या तोंडावर, नाव घेऊन. नानांनी आपला नारळ स्वतःच उचलला. जाताना म्हणाले, "आमना भाऊबंदमाथून कोनी वाटे लावाले येनार नही."

"नका येवा," अक्का म्हणाली.

योगेंद्र डोकं धरून बसला होता. "आई, इज्जत गयी."

"तुनी गयी व्हई. मनी आठेच शे."

तो मग दिपमालावर घसरला, तूच हिला फोन दाखवलास. दिपमाला म्हणाली, "हो, मीच दाखवला. पुढच्या वर्षी मीही जाणार आहे, आत्ताच बॅनर छापायला टाका." त्या दिवशी त्यांच्या घरात वरणभात तेवढा शिजला, आणि रागानं तोही कोणी खाल्ला नाही.

मंगळवारी सकाळी अक्का चौकात गेली. मी शिडी धरली. विळ्यानं दोऱ्या कापून तिनं बॅनर खाली घेतला. पारावरची माणसं बघत होती, एकही उठला नाही, अडवायलाही नाही आणि मदतीलाही नाही. मला वाटलं, ती तो चुलीत घालेल. पण आमची अक्का कामाची वस्तू टाकत नाही. बॅनर घडी करून ती शेतात घेऊन गेली आणि ताईबाईच्या हातात दिला. "फुलं टाकाले व्हई. खाल चिखल लागस."

बुधवारी सकाळी आम्ही एसटीच्या थांब्यावर उभ्या राहिलो. साक्रीहून धुळं, धुळ्याहून जळगाव, तिथं मोहिनी मॅडमचा गट, मग दिल्लीची गाडी. एरवी यात्रेकरूला पोचवायला बँड असतो, गुलाल असतो. आमच्यासाठी दिपमाला होती. आणि योगेंद्र. तो पिशव्या घेऊन आला होता, तोंड फुगवून. पिशव्या वर ठेवल्या, आईच्या बुटाची सुटलेली नाडी दिसली तशी खाली बसून बांधली, तीही रागारागानं, जरा जास्तच घट्ट. धनसिंग आले नाहीत. गाडी सुटताना योगेंद्र म्हणाला, "पोचनी का फोन कर." अक्कानं खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या डोक्यावर ठेवला.

गाडी निघाली आणि अक्काचं अवसान गेलं. पदर तोंडाला लावून ती बसली. म्हणाली, "रत्ना, मी जास्त बोलनू का वं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "कोनीच नही उनं." गावातल्या प्रत्येक यात्रेकरूला तिनं स्वतः हार करून घातले होते, आजवर एकही सुटला नव्हता. मी दशमी काढली, तिनं घेतली नाही.

रस्ता आमच्या शेताला लागून जातो. वळणावर एसटी हळू झाली, कारण बांधाला आमचा टेम्पो उभा होता आणि त्याचा हॉर्न एकसारखा वाजत होता. मी खिडकीतून पाहिलं आणि अक्काचा दंड धरला.

शेतात बॅनर पसरलेला होता. त्यावर झेंडूचा ढीग, ढिगाखाली अक्काचे जोडलेले हात, मिटलेले डोळे, चार धाम, योगेंद्र, सगळं झाकलं गेलं होतं. आणि ढिगाच्या पलीकडं, सरीसरीतून, ताईबाई आणि आमच्या सगळ्या तोडणाऱ्या बाया रस्त्याकडं तोंड करून उभ्या होत्या. ओट्या अर्ध्या भरलेल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी हात हलवला नाही. हात हलवणार कसे, सगळ्यांनी ते पाठीमागं घट्ट धरले होते.

"काय झालं, संप आहे का?" कंडक्टरनं विचारलं.

अक्का उठून उभी राहिली. एका हातानं पुढच्या सीटचा दांडा धरायला गेली, मग तो हात सोडला. हलत्या गाडीत, नव्या बुटांवर पाय रोवून, तिनंही दोन्ही हात मागं घेतले. ती रडत होती आणि डोळे सताड उघडे ठेवून बघत होती.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला. वळण संपेपर्यंत एकीनंही हात पुढं घेतला नाही.